पेरूचा वास

इरावती मिरजेच्या घरात शिरली, तर टेबलावर परडीभर पिकलेले पेरू. खिडकीत पेरू, बाबांच्या उशाशीही पेरू.

"बाबा, पेरू कधीपासून आवडायला लागले तुम्हाला?"

"छे गं, बिया दातात अडकतात. तुझी आईच आणते रोज."

मांडीच्या हाडाच्या कर्करोगात बाबांचा पाय गेला, तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या फुप्फुसांत राखणदार पेशी सोडल्या होत्या. हा रोग पसरतो तो बहुधा फुप्फुसांत. त्याची एक पेशी जरी तिथे रुजली, तरी राखणदार श्वासात पिकल्या पेरूचा वास सोडणार होते. लगेच कळवलं, तर उपाय होता. म्हणूनच घरात पेरू आणू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

वास लपवायला बाबाच पेरू मागवत असतील, असा इरावतीला आधी संशय आला. त्यांना पुन्हा दवाखाना नको होता. पण स्वतःच्या श्वासाचा वास स्वतःला कुठे येतो?

ती स्वयंपाकघरात गेली. आई पेरू चिरत होती.

"आई, कधीपासून येतोय वास?"

सुरी थांबली नाही. "परवा हे कुबड्या घेऊन फाटकापर्यंत गेले. गाणं गुणगुणत होते."

"मी काय विचारतेय?"

"संक्रांत होऊ दे गं. मग सांगू त्यांना."

"काय खलबतं चाललीत मायलेकींची?" बाबांनी बाहेरून विचारलं.

इरावतीनं आईच्या हातातली सुरी काढून घेतली. "काही नाही बाबा. तयार व्हा, आपल्याला जायचंय."

पदराला हात पुसून आई बाबांचा इस्त्रीचा शर्ट काढायला गेली.