दुसऱ्या भागाची जागा

कुंडी त्या फटीत अगदी मापानं बसली. धाकटी स्टुलावरून उतरली, चार पावलं मागे गेली आणि डोळे बारीक करून पुस्तकांच्या शेल्फाकडे बघत राहिली. दुकानांच्या दर्शनी काचेमागची सजावट करणं हा तिचा धंदा. मोकळी जागाही सुंदर दिसते, असं गिऱ्हाइकांना ठासून सांगणारी तीच. पण ती जागा नेमकी हवी, अशी दात पडल्यासारखी नको. माहेरचं हे शेल्फ वर्षानुवर्षं तिच्या डोळ्यांत खुपत होतं.

आज तिनं डाव साधला होता. आई दोन दिवस मावशीकडे गेली होती आणि संध्याकाळी परतणार होती. धाकटीनं सकाळीच सगळी पुस्तकं खाली काढली, झटकली, उंचीप्रमाणे लावली. काही आडवी रचली, त्यांच्यावर चिनी मातीचा पक्षी ठेवला. शिंकून शिंकून तिचं नाक लाल झालं. जिकडेतिकडे बोटभर धूळ होती, फक्त सगळ्यात वरच्या कप्प्यातली ती फट तेवढी लख्ख होती. चार बोटं रुंद. तिच्या एका बाजूला समुद्रसफरीच्या जाडजूड कादंबरीचा पहिला भाग, दुसऱ्या बाजूला तिसरा. मधला, दुसरा भाग दादा घेऊन गेला होता. पुस्तकं कलंडू नयेत म्हणून आईनं दोन्हीकडे लोखंडी आधार लावले होते. आईचं आपलं काहीतरीच, असं पुटपुटत धाकटीनं ते काढून टाकले.

"तिथे कुंडी नको," बाबा पेपरमागून म्हणाले होते. "पाणी सांडेल पुस्तकांवर."

"प्लॅस्टिकची आहे, बाबा. हिला जन्मात पाणी लागायचं नाही."

बाबांनी चष्मा काढला, खिशातल्या पिवळ्या फडक्यानं उगीचच पुसला आणि ते गॅलरीत जाऊन बसले.

धाकटीनं फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. आत्या, काका, मावशी, सगळे त्या ग्रुपवर होते. दादाही होता, पण नावाला. नऊ वर्षांपूर्वी त्याचं आणि बाबांचं कडाक्याचं वाजलं. "पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस," बाबा म्हणाले आणि त्यानं ते तंतोतंत पाळलं. फोन उचलायचा नाही, ग्रुपवर एक अक्षर लिहायचा नाही. तिथले फोटो तरी तो बघतो की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. धाकटीला त्याची फार आठवण यायची. तिला सायकल शिकवणारा, तिच्या वाटचं दूध गुपचूप पिऊन टाकून तिला आईच्या तावडीतून सोडवणारा दादा. पण घरात त्याचा विषय निघाला की बाबा उठून जात, म्हणून कुणी काढत नसे.

अंधार पडायच्या आत आई आली. चप्पल काढता काढताच तिची नजर वर गेली.

"तिथली जागा कुठे गेली?"

"बुजवली. कसं दिसतंय?"

"फोटो नाही ना पाठवलास कुणाला?"

"पाठवला की. सगळ्यांना आवड—"

"काढ! आधी काढ तो!" आईचा आवाज चिरकला. ती होती तिथेच, चपलांच्या खणावर टेकली.

धाकटीचं डोकं फिरलं. दिवसभर राबायचं आणि वर हे ऐकायचं. "त्या एवढ्याशा फटीत काय सोनं पुरलंय का, आई?"

"तो गेला ना, तेव्हा जिन्यापर्यंत गेले होते मी त्याच्यामागे," आई म्हणाली. "हातात ते पुस्तक होतं, अर्धं वाचलेलं. म्हटलं, निदान ते तरी ठेव, संच मोडतो. तर म्हणाला, जागा धरून ठेव आई, वाचून झालं की आणून ठेवतो. आता फोन उचलत नाही तर कसं सांगू, की जागा धरलीय म्हणून? फोटोतून सांगते. आज ही कुंडी बघून काय वाटलं असेल त्याला?"

धाकटीला ग्रुपवरचे ते सगळे फोटो आठवले. प्रत्येक वाढदिवसाला आई सगळ्यांना दामटून शेल्फासमोर उभं करायची. डावीकडे सरका. उंच माणसांनी खाली बसा. पुस्तकं झाकू नका. आमच्यापेक्षा तुझी पुस्तकंच देखणी बाई, म्हणून सगळे तिची थट्टा करायचे. त्यात धाकटी सगळ्यांत पुढे.

तिनं घाईघाईनं फोटो काढून टाकायला फोन उचलला. तेवढ्यात तो हातातच थरथरला. दादाचं नाव होतं. खाली एकच ओळ.

'मग दुसरा भाग आता कुठे ठेवायचा?'

तिनं ती मोठ्यानं वाचली. आईनं पुन्हा वाचायला लावली. मग फोन स्वतःच्या हातात घेऊन त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि रडता रडता हसली.

"लिही त्याला. जागा आहे म्हणावं, हिनं मेलीनं चुकून कुंडी ठेवली. आणि ती आधी खाली काढ बघू, माझा हात पोचत नाही तिथे. गुडघे गेल्यापासून चार वर्षांत मी स्टुलावर चढलेली नाही."

लिहिता लिहिता धाकटी थांबली. "मग ती जागा पुसतं कोण?"

"कोण पुसणार? मी तर नाही बाई."

मागे स्टूल सरकल्याचा आवाज आला. दोघींनी वळून पाहिलं. बाबा वर चढले होते. कुंडी त्यांनी काखेत धरली होती आणि रोजच्या सरावानं, खिशातल्या पिवळ्या फडक्यानं, ते ती जागा पुसत होते.