झाकलेलं ताट

संध्याकाळी सहा वाजता अकोल्याच्या एका वाचनालयात प्रमिला दिघे यांच्या कादंबरीवर चर्चा सुरू झाली. तीस वर्षांपूर्वीचं हे पुस्तक लोक अजून का वाचतात, हा विषय होता. लेखिका स्वतः समोर बसल्या होत्या.

“त्या ताटामुळे,” पहिल्या रांगेतल्या ठोसरबाई म्हणाल्या. “गिरणी बंद पडते, नायिका खोली सोडते, आणि निघताना बेपत्ता नवऱ्यासाठी ताट वाढून झाकून ठेवते. मी तर रडलेच तिथे.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रमिलाबाई गोंधळल्या.

“असं काही मी लिहिलेलं नाही.”

“बाई आमची परीक्षा घेतायत,” मागून कोणीतरी म्हणालं. हशा पिकला.

मग पुस्तकं उघडली गेली. जुन्या-नव्या चार आवृत्त्या होत्या. ताट एकीतही नव्हतं. हसू विरलं. ठोसरबाईंनी डोळे मिटून तो प्रसंग म्हणायला सुरुवात केली. एकेक आवाज त्यात मिसळत गेला आणि शब्दाला शब्द जुळत गेला. ‘ताटावर तिने दुसरं ताट पालथं घातलं,’ इथे सगळे एकदम अडले. पुढचं कोणालाच आठवेना.

“‘मीठ वाढायचं राहिलं म्हणून ती परत फिरली,’” प्रमिलाबाईंच्या तोंडून निघून गेलं.

“हेच ते,” ठोसरबाई हळूच म्हणाल्या.

ते वाक्य आपल्याला कुठून आलं, हे प्रमिलाबाईंना सांगता येईना.

नवी आवृत्ती छपाईला जायची आहे. तो प्रसंग तिच्यात घालायचा का, असं प्रकाशकाने विचारलं आहे.