पेटीतला राजा

उर्वी सिडनीच्या युनिव्हर्सिटीत प्राचीन ग्रीसचा इतिहास शिकवते. तिथल्याच पॅरामॅटा उपनगरात मराठी मंडळाने तिचं व्याख्यान ठेवलं होतं. पुण्याहून खास त्यासाठी आलेली तिची आत्या, डॉक्टर पद्मा, पहिल्या रांगेत बसून शेजारणीला सांगत होती, "हुशारी आमच्या घराण्यातलीच हो!"

उर्वी रंगात आली होती. "कॉरिंथ शहर एकाच घराण्याच्या मुठीत होतं. एक बाळ आपल्याला बुडवणार, अशी भविष्यवाणी त्यांच्या कानावर आली. त्यांनी त्याला मारायला दहा माणसं पाठवली. पहिल्याने बाळाला उचललं, तर ते त्याच्याकडे बघून हसलं. दहांपैकी कुणाचाच हात उठेना, ते तसेच बाहेर पडले. मनाचा हिय्या करून ते परत आले, तोवर आईने बाळाला पेटीत लपवलं होतं. तोच किप्सेलस. मोठा झाल्यावर त्याने त्या घराण्याला शहरातून हाकललं आणि आपल्या वंशाचं राज्य उभं केलं."

टाळ्या झाल्या. आत्याच्या सगळ्यांत जोरात.

मंडळाच्या कुमारकाकांनी विचारलं, "इतके ग्रीक राजे पडलेत, मग तुला हाच का गं आवडला?"

उर्वी स्टेजवरून खाली उतरली आणि तिने माइक आत्याच्या हातात दिला.



"आत्या, माझी सोनोग्राफी करून तू आईला 'मुलगी आहे, पाडून टाक' असं का म्हणालीस, ते आधी सांग. मग मी काकांना उत्तर देते."