बंगालचा पाय

अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळी अण्णासोनं केष्टोच्या ताटात तळलेला मासा वाढला. केष्टोनं तो रोजच्यासारखा हळूच बाजूला सारला.

"खाओ, खाओ! बंगाली आदमी और मछली नही खाता?" अण्णासो ओरडला. दाढीवाला केष्टो नुसता हसला आणि त्यानं तांबड्या रश्श्याची तिसरी वाटी तोंडाला लावली.

"बघितलंस का दीप्ते? आठ दिसात तिखटाला पक्कं झालं पोरगं!"

अण्णासोची लेक दीप्ती तोंडाला ओढणी लावून स्वयंपाकघरात पळाली.

अण्णासो रणझुंजार तालमीच्या फुटबॉल संघाचा सेक्रेटरी. नऊ वर्षं तालमीला कप नाही. लोकांची बोलणी खाऊन गडी असा पेटला, की भर सभेत त्यानं शड्डू ठोकला, "यंदा कप आणला न्हाय, तर तालमीची पायरी चढणार न्हाय!" आणि तालीम सोडून ह्या माणसाला जगच नव्हतं, हे अख्ख्या पेठेला ठाऊक.

केष्टो सापडला तो मेव्हण्यामुळं. मेव्हण्याचं सोनं गाळायचं दुकान कोलकात्याच्या कडेला, एका लहानशा गावात. तिथं पाट्या बंगाली, बाजार बंगाली, भांडणंही बंगाली. पण सांज झाली की म्हातारीकोतारीसुद्धा तळ्याकाठी फुटबॉल बघायला जमतात. तिथला व्हिडिओ मेव्हण्यानं धाडला. चिखलातनं एक पोरगं चौघांना चकवत सुटलंय आणि गाव 'केष्टो, केष्टो' करून बोंबलतंय! अण्णासोनं तो दिवसात वीसदा बघितला.

"माझ्याच दुकानात कामाला हाय," मेव्हणा फोनवर म्हणाला. "पाठवतो. पर लाजाळू हाय, बोलायला लावू नगासा." फॉर्म आणि कागदपत्रं दीप्तीनंच मामाला विचारून भरली.

"आपल्या जिल्ह्यात पोरं न्हाईत व्हय?" खजिनदार विजयसिंह तेव्हा कुरकुरला होता.

"हायत की! चार वर्सामागं उचगावच्या चाचणीत बघितली न्हवं? एक शिट्टीआधीच दमलं, एकाला डावा-उजवा कळंना. शाहूवाडीचं तर अनवाणीच आलतं. त्याला तोंडावर सांगितलं, बाळा, भात लाव जा. गड्या, पाय बंगालचाच पायजे!"

दुपारी मैदान माणसांनी गच्च भरलं. आत उतरताना केष्टोनं चिमूटभर माती कपाळाला लावली.

"बघा, बघा! ह्याला म्हणत्यात संस्कार! तिकडं असंच असतंय," अण्णासोनं शेजारपाजारच्यांना सांगितलं.

ऐंशी मिनिटं झाली तरी शून्य-शून्य. ओरडून ओरडून अण्णासोचा घसा बसला. एवढ्यात चेंडू केष्टोच्या पायात आला आणि अण्णासो हिंदी-बिंदी सगळं विसरला.

"डावीकडनं काप! आत घे! आता मार की रं!"

केष्टोनं डावीकडनं कापला, आत घेतला, मारला. गोल! हलगी कडाडली, फेटे उडाले. पन्नाशीचा अण्णासो विजयसिंहाच्या खांद्यावर चढून नाचला.

"मराठीत वरडलासा, आन त्याला कळलं कसं?" विजयसिंह खालून विचारत होता.

"फुटबॉलला भाषा लागती व्हय, येड्या!"

शेवटची शिट्टी झाली. नऊ वर्षांनी कप! अण्णासो पोरासारखा रडला, अगदी उघडउघड, आणि त्याला त्याची लाजही वाटली नाही. मंचावर चढून त्यानं माईक ओढला.

"मंडळी, लिहून घ्या! असला पाय ह्या मातीत जन्मत न्हाय!" मग केष्टोला जवळ घेऊन म्हणाला, "बोलो बेटा! अपने गाँव का नाम बताओ सबको!"

पहिल्या रांगेत दीप्तीनं ओढणी पुन्हा तोंडाला लावली.

केष्टोनं वाकून अण्णासोच्या पायांना हात लावला आणि माईक घेतला.

"गाव शाहूवाडी. भात लावून झाला, अण्णा. आता काय करू?"