गच्चीवरच्या सळया

"या सळया मात्र कापाव्या लागतील," सोलरवाला म्हणाला आणि टेप गुंडाळू लागला.

गच्चीवर कॉलमाकॉलमातून सळयांचे जुडगे कमरेएवढे वर आले होते. कोणाला लागू नये म्हणून त्यांच्या टोकांवर प्लास्टिकच्या बाटल्या उलट्या घातल्या होत्या.

"सळयांना हात लावायचा नाही," बाबा म्हणाले. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस, बोलणंही ओळंब्यात. एकदा म्हणाले की म्हणाले.

शिवणताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गल्लीत बाबांच्या लेकीला सगळे याच नावानं ओळखत. पुढच्या खोलीत तिची शिलाईची मशिनं होती, कापायचं टेबल होतं आणि शाळांच्या गणवेशांचे गठ्ठे होते. संध्याकाळी कामाच्या बायका घरी गेल्या की गठ्ठे बाजूला सारून ती तिथेच खाट टाकायची. ऐन कामात वीज गेली की सगळी मशिनं एकदम मुकी व्हायची, इस्त्री निम्म्या कॉलरवर गार पडायची. मग ती तणतणायची, की एक दिवस गाशाच गुंडाळते, बाजारात गाळा घेते आणि तिकडेच राहायला जाते. बाबा मुकाट्यानं ऐकून घेत आणि गच्चीवर निघून जात.

गच्चीवर जाऊन करायचं काय, तर सळयांची सेवा. गंज घासायचा, वरून सिमेंटचं पाणी लावायचं, फुटलेल्या बाटल्या बदलायच्या. देवपूजा कोणी इतक्या मनापासून करत नसेल. वरचा मजला दादासाठी, हे घरात कोणी कधी उघड बोललं नव्हतं, पण त्यात सांगण्यासारखं होतं काय? दादा लांबच्या शहरात, लिफ्ट असलेल्या इमारतीत मजेत राहत होता. फोनवर हसून म्हणायचा, मी काही परत येत नाही, बाबांना सांग, त्या बाटल्यांना आता पेन्शन द्या. हसू तिलाही यायचं. पण फोन ठेवल्यावर वाईट वाटायचं. जो येणार नाही त्याच्यासाठी अख्खा मजला राखून ठेवलेला, आणि जी घरातच आहे ती गठ्ठ्यांच्या आडोशाला झोपते.

सोलरवाल्यानं आपल्या परीनं समजूत घालून पाहिली. पॅनेलं एकदा बसली की पंचवीस वर्षं बघायला नको, आणि ऊन काही कोणी मध्येच बंद करत नाही. आई चहा घेऊन वर आली, नेहमीप्रमाणे दोघांचीही बाजू घेतली आणि खाली गेली. बाबा ढिम्म. चहा फुंकून फुंकून पीत राहिले.

तिला राहवेना.

"बाबा, दादा येणार नाहीये. त्याच्यासाठी कुठवर जागा धरून बसणार? मी आहे ना इथे. पुढची पंचवीस वर्षं मला याच घरात मशिनं चालवायचीत. या घरात माझं काहीच नाही का?"

बोलून गेली आणि तिचं तिलाच रडू आलं. सोलरवाल्यासमोर रडायची लाज वाटून तिनं तोंड फिरवलं.

बाबांनी कप कठड्यावर ठेवला. त्यांचा चेहरा खरोखरच बुचकळ्यात पडलेला होता.

"दादाचा इथे काय संबंध? तू पहिलं मशीन आणलंस, तेव्हा हा स्लॅब टाकला मी. खाली तुझं काम, वर तुझं घर, असा बेत होता."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू सारखी जाते जाते म्हणायचीस. बांधायला घेतलं असतं तर तुला वाटलं असतं, बाप पायात दोरी अडकवतोय. म्हटलं, पोरगी राहते म्हणेल त्या दिवशी बघू. ते तू आज म्हणालीस."

ओढणी समजून तिनं गळ्यातल्या मापाच्या टेपनंच डोळे पुसले आणि मग स्वतःलाच हसली. बाबांना हसायचं नव्हतं, पण त्यांच्या मिशा हलल्याच.

सोलरवाला बिचारा इतका वेळ पाण्याच्या टाकीकडे टक लावून उभा होता. त्यानं घसा खाकरला आणि चाचरत विचारलं, की आता सळया कापायच्या, की ऑर्डर रद्द धरायची?

"दोन्ही नाही," बाबा म्हणाले. "पॅनेलं बसवायचीच. पण एक मजला वर, हिच्या छतावर."