दोन हिसके

माझा नातू वीरधवल नॉर्वेच्या समुद्रात कॉड मासे धरणाऱ्या बोटीवर कामाला. लाटेनं त्याला पाण्यात ओढल्याचा फोन सकाळी आला.

कुंडलच्या आमच्या विहिरीत मीच त्याला कमरेला दोर बांधून पोहायला शिकवलं होतं. त्यानं दोन हिसके दिले की मी वर ओढायचं, एवढं ठरलेलं.

दुपारी विहिरीपाशी बसले होते. रहाटावरचा रिकामा दोर ताठ झाला. दोन हिसके बसले.

मी ओढू लागले. दोर बर्फासारखा गार, वजन माणसाएवढं. काठाशी येताच ते एकदम हलकं झालं.

सून धावत आली. "आवं आत्याबाई, वीरू घावला. जित्ता हाय म्हणत्यात."

दोराच्या टोकाला, मी वीस वर्षांपूर्वी सोडलेली कमरेची गाठ पुन्हा बसलेली होती. ती उबदार होती.