नावाचा अर्थ

भाषण वीस मिनिटांचंच, पण त्यातून संस्कृतच्या डबीर सरांना शालीपेक्षा मोठा लाभ व्हायचा होता. लेकीचे होणारे सासू-सासरे पहिल्या रांगेत बसून व्याह्यांचा मान डोळ्यांनी बघणार होते. शिबिर फिट्सच्या आजाराचं होतं आणि डॉक्टरांनी सरांना त्याच्या जुन्या नावाचा अर्थ सांगायला बोलावलं होतं.

सर रंगात आले. "अपस्मार! 'अप' म्हणजे दूर, 'स्मार' म्हणजे आठवण. घटकाभर भान हरपतं, एवढाच अर्थ. त्यात ना भूत, ना पाप. मग माणसाला जोडा कशाला हुंगवता, आणि आजार लपवता कशाला?"

टाळ्या पडल्या. डॉक्टरांनी विचारलं, "हा आजार असलेलं कुणी पुढे येऊन बोलेल का?"

चौथ्या रांगेतून केतकी उठली. बारा वर्षं घरात ज्याला 'चक्कर' म्हणायचं ठरलं होतं, त्याचं खरं नाव तिनं आज बापाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं होतं. आणि तिला ते सगळं खरं वाटलं होतं.

सरांनी घाईनं माइक ओढला. "ही आमची केतकी. चहाचं बघायला उठलीय. जा बाळ."

ती चहाचा ट्रे आणायला गेली.

"पोर कामसू आहे हो!" होणाऱ्या सासूबाई कप उचलत म्हणाल्या. ट्रे पुढे सरकला.

"घ्या ना, सर," केतकी म्हणाली. एरवी ती त्यांना बाबा म्हणायची.

सरांना मान वर करवेना. अब्रू त्यांची राहिली होती, पण त्यापायी केतकीचा बाप खर्ची पडला होता.